पक्की प्रत

ठाणे,
११ ऑगस्ट १९५३

प्रिय सगुणा,

शनिवारी शेवटच्या तासाला आपण दोघी शाळेमागच्या नळावर दौती धुवायला बसायचो, आठवतं? सगळ्या वर्गांच्या मिळून साठ-सत्तर चिनीमातीच्या दौती. तू धुवायचीस आणि मी पुसायची. कोपरापर्यंत हात निळे व्हायचे. तू गोष्ट सांगायला लागलीस की आधी तुझा हात थांबायचा, मग माझा. एकदा सिस्टर अगाथा आपल्याला रागवायला म्हणून आली आणि तिथंच उभी राहिली. तुझ्या आजीनं मिठागराच्या बांधावरच्या सापाला शिव्या देऊन कसं हाकललं, ती गोष्ट चालली होती. सिस्टरला निम्मं मराठीही समजत नव्हतं, तरी शेवटपर्यंत ऐकलं तिनं. गोष्ट संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "सुहासिनी, दौती अजून ओल्या आहेत." तुला काहीच म्हणाली नाही.

आज हे आठवलं, कारण काल तुझा विश्राम येऊन गेला. दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलंच नाही. मग कपाळ पाहिलं. तुझंच कपाळ. हातात लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. म्हणाला, "मावशी, आयनी धाडलंय." सोडून पाहते तो नऊ वह्या, काठोकाठ भरलेल्या. मी विचारलं, "काय रे हे?" तर लाजून हसला. "गोस्ट लिवलेय तिनी. दोन वर्सं लिवते. आमाला वाटायचं देवाचं नाव लिवते, म्हनून कोन तिला बोलत नव्हता."

सगुणे, इतक्या वर्षांत एक पोस्टकार्ड नाही, आणि आता एकदम नऊ वह्या!

मी हे काम करते, हे तुला कुणी सांगितलं? हे कोर्टातून निवृत्त झाल्यापासून मी गोपीनाथरावांसाठी हस्तलिखितं वाचते. तळ्याच्या पलीकडे त्यांचा छापखाना आहे. वर्षाला सात-आठ पुस्तकं काढतात, बहुतेक शाळेची. दर पंधरवड्याला त्यांच्याकडून माझ्याकडे बाडं येतात. मी वाचते आणि अर्ध्या कागदावर मत लिहून वर टाचते: घ्यावं, परत करावं किंवा सुधारून मागवावं. ते माझी चिठ्ठी वाचतात आणि मगच बाडाला हात लावतात. चिठ्ठी वाईट असेल तर हातही लावत नाहीत.

गाठोड्यातल्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस की "तुम्ही लोक काय बघता?" बाई, काय काय बघावं लागतं! आधी सोबतचं पत्र. "मित्रांच्या आग्रहास्तव लिहिलं" असं असेल तर मी चहा करायला उठते. मग पहिलं पान. मग मधलं कुठलंही. पहिल्या पानावर सगळेच इस्त्री करून बसलेले असतात, खरा माणूस मधल्या पानात सापडतो. बोलणं बघायचं, म्हणजे नाव झाकलं तरी कोण बोलतंय ते कळतं का. आणि लिहिणाऱ्याला काय सांगायचं नाही हे कळलंय का. कल्याणचे एक मास्तर आहेत. ते दर पंचवीस पानांनी दोन पानं खळीनं चिकटवून पाठवतात आणि परत गेल्यावर तपासतात, आम्ही उघडली का. मी विणायच्या सुईनं उघडते. पण पंचविसाव्या पानानंतर पुढं जायला कारण मात्र ते देत नाहीत.

गोपीनाथरावांची परीक्षा वेगळीच. ते कुठलंही बाड उभ्यानं वाचायला घेतात. वाचता वाचता, आपल्याला न कळत, खाली बसले तर ते पुस्तक छापायचं. सहा वर्षांत मी त्यांना चारदा बसताना पाहिलं आहे.

तुझ्या वह्या वाचून कळवते. पण आशा धरू नकोस. शंभरांत दोन लागतात. आपल्या वयात हौसेनं लिहिणं वेगळं आणि छापणं वेगळं.

काळुरामभावजींना नमस्कार. विश्रामच्या बायजाला आशीर्वाद. सून चांगली आहे ना?

तुझी,
सुहास


ठाणे,
९ नोव्हेंबर १९५३

प्रिय सगुणा,

उशीर झाला. डोळ्यांचा त्रास आहे, आणि दिवाळी अंकामुळे कामही होतं. विश्राम दोनदा येऊन गेला आणि मी दोन्ही वेळा "अजून आठ दिवस" म्हटलं. मुलगा गुणी आहे, एका शब्दानं कुरकुरला नाही.

वाचलं. सगळं. श्रम दिसतात. सून तुळसा हे पात्र तुला चांगलं सापडलं आहे. बांध फुटतो आणि ती भगदाडात स्वतः उभी राहते, तो भाग वाचनीय आहे. सासूचंही ठीक.

आता स्पष्ट लिहिते, मैत्रिणीनं स्पष्टच लिहावं. काही गोष्टी प्रकाशकाला चालणार नाहीत.

एक म्हणजे सुरुवात. "सासूनं मीठ चाखलं आनि माज्याकडं बगितलं." हे एकदम आहे. वाचणाऱ्याला आपण कुठं आहोत ते कळत नाही. आधी खाडी दिसू दे. पहाटेची वेळ, पाण्यावर पसरलेली लाली, मिठाच्या राशी चमकताहेत, असं काहीतरी. मग सासू येऊ दे.

भाषेचंही बघावं लागेल. "मना", "पानी", "डोले" हे पुण्याचा वाचक कसा वाचेल? तुला शुद्ध लिहिता येत नाही असं नाही. शाळेत व्याकरणात तुला माझ्यापेक्षा दोनच गुण कमी असायचे.

विहिरीवरचं भांडण फार लांबलं आहे, आणि त्यातले काही शब्द छापण्याजोगे नाहीत. ते काढ. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: नवरा परत येतो तेव्हा तुळसा त्याच्यापुढं ताट ठेवते आणि काहीच बोलत नाही. तिथं तिला काही वाटलं पाहिजे. तिनं रडावं, किंवा निदान मनात काही म्हणावं. वाचणाऱ्याला ताटावरून काय कळणार?

या सूचना विचारांती केल्या आहेत. मला यातलं थोडं कळतं. मीही एक कादंबरी लिहिली आहे, तुला कधी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं लिहीत होते. गोपीनाथरावांनी ती दोनदा वाचली आणि "स्वच्छ आहे" म्हणाले. ती कपाटात आहे. तेव्हा उपेक्षा काय असते ते मला कळत नाही असं समजू नकोस.

वह्या विश्रामबरोबर परत पाठवते आहे. या सूचनांप्रमाणे सगळं नीट उतरवून काढ आणि पक्की प्रत पाठव. घाई नाही.

हेमाला, म्हणजे माझ्या सुनेला, तुझ्या वह्यांना येणारा वास फार आवडला. सुक्या मासळीचा आणि धुराचा. ती म्हणाली, "आई, या वह्या उघडल्या की भूक लागते."

तुझी,
सुहास


ठाणे,
२ मार्च १९५४

प्रिय सगुणा,

पक्की प्रत मिळाली. अक्षर किती सुरेख काढलंस गं! समास, परिच्छेद, पानांचे आकडे, सगळं सिस्टर अगाथाला दाखवावं असं.

तुझं पत्रही वाचलं. "कच्च्या वह्या चुलीत घातल्या, तिचा नेम तुला ठाव आहेच," असं लिहिलं आहेस. ते वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं. हो, सिस्टरचा नेम ठाऊक आहे. पक्की प्रत झाली की कच्ची वही ज्या मुलीची तिनंच उचलायची, स्वयंपाकघरात न्यायची आणि स्वतःच्या हातानं चुलीत घालायची. चुकांवर जीव ठेवायचा नाही. पण सगुणा, आपण आता शाळेत नाही. पंचावन्न वर्षांच्या बायकांनी कुठं तो नेम पाळायचा असतो?

आता झालं ते झालं. नऊच्या नऊ घातल्यास का? एखादी राहिली असेल तर बघ. पोरांनी चित्रं काढायला नेली असेल. बायजाला विचार.

सूर्योदय छान उतरला आहे. मी गोपीनाथरावांकडे देते.

तुझी,
सुहास


ठाणे,
१८ जून १९५४

प्रिय सगुणा,

वाईट बातमी सांगायची माझी इच्छा नव्हती, म्हणून आठ दिवस घालवले. बाड परत आलं आहे.

मी चिठ्ठीत "विचार करावा" असं लिहिलं होतं. विश्वास ठेव. ते पान मी तुला दाखवू शकते. गोपीनाथराव इथंच, आमच्या ओटीवर उभे राहून वाचत होते. अकरा पानं वाचली, उभ्यानंच. मग म्हणाले, "आणखी एक सूर्योदय." मी म्हटलं, पुढं बांधाचा भाग आहे, तो बघा. तोही बघितला. "सपाट आहे हो बाई. मीठ आहे म्हणतात, पण चव लागत नाही. या बाईंनी कधी आगर पाहिलं आहे का?" मी म्हटलं, "पाहिलं आहे." बस्स, इतकंच म्हटलं.

लेखकाला कारण कळवायचं नाही अशी पद्धत आहे. तू माझी म्हणून कळवलं. मनाला लावून घेऊ नकोस. दोनशे बाडांत असं एकशे शहाण्णव वेळा होतं, आणि ती सगळी माणसं जेवतात-खातात, नोकऱ्या करतात.

हेमाला मुलगी झाली. सुमेधा नाव ठेवायचं म्हणते.

तुझी,
सुहास


ठाणे,
२५ ऑक्टोबर १९५४

प्रिय सगुणा,

तुझं पत्र नाही. चार महिने झाले. दिवाळीचं कार्ड टाकलं होतं, पोचलं का?

नवं काही लिहितेस का? लिहीत राहावं. कुणी वाचो न वाचो.

इकडे विशेष काही नाही. गोपीनाथराव माझं एक जुनं लिखाण काढायचं म्हणताहेत. अजून काही ठरलेलं नाही. ठरलं तर कळवीन.

पौर्णिमेनंतर एकदा तुझ्या गावी, कोपरला, येईन म्हणते. तुझं घर पाहिलेलंच नाही मी कधी.

तुझी,
सुहास


ठाणे,
२० जानेवारी १९५५

सगुणा,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. विश्रामला निरोप धाडला आहे, तो रविवारी येऊन घेऊन जाईल. सोबत एक ट्रंक आहे. आधी पत्र वाच, मग ट्रंक उघड.

मी कोपरला येऊन गेले, ते तुला बायजानं सांगितलं असेल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. डोंबिवलीला उतरले आणि बांधानं चालत आले. तू मासळी बाजाराला गेली होतीस. बायजा अंगणात सुकट वाळवत होती. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं, आणि मग कावळ्यांना हाकलत हाकलत बोलत राहिली.

"तुमी ठान्याच्या मावशी ना? त्या वह्यांच्या?"

मी हो म्हटलं.

"आय आता कागदाला हात लावीत नाय. वाण्याकडची पुडी सुटली तं पहिला त्यावरचा वाचायची, तेबी आता नाय. परवा दिवशी आमच्या यांनी बोलला, मावशीनी आयला फशिवलं. ती अशी चवताळली त्यांच्यावर! बोलली, सुहास माजं वाईट कदी कराची नाय. माजा हातच सपाट हाय, ती काय करल?"

आणि हसली. "सपाट म्हंजे काय वो मावशी? भाकरीसारका?"

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. तू यायच्या आत उठले. बायजा "जेवून जा, जेवून जा" म्हणत बांधापर्यंत आली. मी सांगितलं, सून वाट बघत असेल. ते खोटं होतं. डोळ्यांचं दुखणं सोडलं तर इतर सगळं गेल्या दीड वर्षांत मी खोटं न बोलता निभावलं होतं, सगुणा. ते कसं, ते आता लिहिते.

तुझी पहिली वही मी वाचायला घेतली त्या दिवशी एकादशी होती. हेमा खिचडी झाली म्हणून तीनदा हाक मारून गेली, आणि मी उठले तेव्हा खिचडीचा गोळा झाला होता. इतकं सांगितलं म्हणजे तुला कळेल. गेल्या सात वर्षांत माझ्या हातून तीन-चारशे बाडं गेली. त्यांतलं एकही तसं नव्हतं. सासू मीठ चाखते आणि सुनेकडे बघते. एवढंच. आणि त्या एका बघण्यात मला ते घर, त्यातली भांडी, कोण कुठं बसतं, कोण कुणाला घाबरतं, सगळं दिसलं.

मी चिठ्ठी लिहायला पेन उचललं. "घ्यावं" एवढा एकच शब्द लिहायचा होता. मी तुझी पहिली ओळ लिहिली. नुसतं बघायला, की असं वाक्य हातातून उतरताना कसं लागतं. मग दुसरी लिहिली. मग पान झालं.

तुला सांगते, मी मराठी पट्टीचा मार खात शिकले. प्रार्थना इंग्रजीत, गणित इंग्रजीत, रागवणंसुद्धा इंग्रजीत. घरी आईशी बोलायची ती भाषा लिहायची असते हे मला कुणी सांगितलं नाही. माझी कादंबरी "स्वच्छ" आहे, कारण तिच्यात कुणी राहतच नाही. तूही त्याच बाकावर माझ्याशेजारी बसलीस, त्याच बायकांनी तुलाही शिकवलं. मग तुझं का नाही पुसलं गेलं? हा प्रश्न मी दहा आठवडे स्वतःला विचारला आणि दहा आठवडे तुझ्या वह्या उतरवून काढत बसले. डोळे दुखत नव्हते. सगळ्या नऊ वह्या उतरवल्या, जशाच्या तशा. "मना"ला "मना" आणि "डोले"ला "डोले". कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई जप करते.

मग तुला सूचना लिहायला बसले. सगुणा, त्या सूचना चुकीच्या आहेत हे मला तेव्हाच ठाऊक होतं. वाचताना जिथं जिथं हे मला कधीच जमलं नसतं असं वाटलं, तिथं तिथं मी समासात बारीक खूण केली होती. पत्र लिहिताना खुणा पाहिल्या आणि तेवढंच तुला काढायला सांगितलं. पहिलं वाक्य. विहिरीवरचं भांडण. ताट. ते ताट तर मी कधीच विसरणार नाही. तुळसा त्याला वाढते आणि मीठ वाढायचं विसरते. मीठ पिकवणारी बाई. आणि मी तुला लिहिलं, वाचणाऱ्याला ताटावरून काय कळणार!

कच्च्या वह्यांचंही सांगायला हवं. तू त्या जाळशील हे मला माहीत होतं का? मी स्वतःला खूप विचारलं. मी "पक्की प्रत" असं लिहिलं. "नव्या वहीत उतरवून काढ" असंही लिहिता आलं असतं. शब्द निवडणं हेच माझं काम आहे. तेव्हा तुला काय वाटायचं ते वाटू दे. तुझं पत्र आलं तेव्हा मी घाबरले, हे खरं. पण घाबरण्याच्या आधी एक क्षण दुसरं काहीतरी वाटलं. की आता ती कादंबरी जगात फक्त माझ्या अक्षरात आहे.

गेल्या जुलैत, तुझं बाड परत गेल्यावर महिन्याभरानं, गोपीनाथराव चिठ्ठ्या न्यायला आले. मी आत चहा टाकत होते. माझ्या टेबलावर त्या उतरवलेल्या वह्यांचा गठ्ठा होता. मी तो रोज थोडा काढून वाचायची, वाईट सवय लागावी तशी. बाहेर आले तर ते वरची वही उघडून उभे होते. चहा ठेवला, तो निवला. तिसऱ्या-चौथ्या पानाला ते मागं सरकले आणि हेमाच्या बाळाच्या दुपट्यांच्या ट्रंकेवर बसले. त्यांना कळलंही नाही. सुमेधा पाळण्यात रडायला लागली, तरी कळलं नाही.

मग मान वर करून म्हणाले, "सुहासिनीबाई, हे इतकी वर्षं कुठं दडवलं होतंत?"

मी म्हटलं, "जुनं आहे."

"आणि ही भाषा? ही कुठून आली तुमच्याकडे?"

"लहानपणी ऐकलेली," मी म्हटलं.

दोन्ही खरं. मला वाटतं, सिस्टर अगाथानंसुद्धा मान्य केलं असतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही की "हे तुमचंच ना?" अक्षर माझं, टेबल माझं, विचारायचं काय? जूनमध्ये ज्या आगराला चव नाही म्हणाले तेच हे आगर, हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही. अकरा पानांत आपण दोघींनी त्या गोष्टीचं काय करून टाकलं होतं, बघ. ते नुसते गठ्ठा उचलून निघाले. जिन्यावरून मागं वळून म्हणाले, "आणि त्या स्वच्छ कादंबरीत आम्हांला गुंतवून ठेवलंत!" मी हसले. सगुणा, मी खूष झाले. लाज वाटायला तीन दिवस लागले.

तेव्हापासून ते मला "लेखिकाबाई" म्हणतात. हे शेजाऱ्यांना सांगतात, आमची मंडळी लिहितात बरं का. हेमा माझ्याकडे नव्या नजरेनं बघते. आणि मी ते घेतलं, सगळं घेतलं, एखाद्या लग्नातला दुसऱ्याचा आहेर उघडावा तसं. आता गोपीनाथराव दुसरं पुस्तक मागताहेत. मी पंधरा दिवस कागद घेऊन बसले. एकही बाई बोलली नाही.

मागल्या सोमवारी शेवटची प्रुफं आली. मुखपृष्ठावर माझं नाव आहे. संक्रांतीनंतर छपाईला लावायचं ठरलं होतं, मी डोळे दुखत असल्याचं सांगून अडवून धरलं आहे. त्यांना वाटतं प्रुफं तपासते आहे. ती सगळी ट्रंकेत आहेत.

तर आता नीट वाच.

ट्रंकेत वर प्रुफांबरोबर परत आलेल्या, माझ्या अक्षरातल्या नऊ वह्या आहेत, तुझ्या नऊ वह्यांच्याच क्रमानं. त्या तुझ्या. विश्राम सोडून दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. ओळ चुकली असेल तर तू सुधार. मी नाही. यापुढं तुझ्या एकाही ओळीवर मी मत देणार नाही.

त्यांच्याखाली प्रुफं. तीही तुझी. छापायची की नाही ते तू ठरव. छापायची नसतील तर चूल तुझ्या घरात आहे, पण मी हात जोडून सांगते, तो नेम आता मोड.

निळ्या पाकिटात गोपीनाथरावांना पत्र आहे. ते बंद केलेलं नाही. आधी तू वाच. पुस्तक कुणाचं, वह्या कुणी जाळायला लावल्या, जूनमधलं बाड का सपाट होतं, सगळं त्यात आहे. मग विश्रामनं ते छापखान्यात त्यांच्या हातात द्यावं. मी स्वतः द्यायला दोनदा निघाले होते. दोन्ही वेळा तळ्याला एक वळसा जास्त घातला आणि घरी आले. म्हणून हे तुझ्या हातात देते. तू ते दिलं नाहीस तरी मी तुला विचारणार नाही, पण तसं करू नकोस.

गोपीनाथराव तुला भेटायला बोलावतील. जा. पातळ नेसून, चपला घालून, शुद्ध बोलत जाऊ नकोस. जशी बाजारातून येतेस तशी जा. तू बोलायला लागलीस की त्यांना खुर्ची द्यायची गरज पडणार नाही.

माझ्या कादंबरीचं बाड कपाटात होतं. ते हेमाकडे दिलं आहे. सुमेधा मोठी झाल्यावर तिला कोऱ्या बाजूनं लिहायला होईल. कागद चांगला आहे.

इथली बाडं वाचण्याचं काम मी सोडलं. माझी चिठ्ठी अजून लागली नव्हती अशी चार बाडं होती. ती गोपीनाथरावांकडे परत पाठवली, चिठ्ठीशिवाय. त्यांतलं एक कल्याणच्या मास्तरांचं आहे. त्याची सगळी पानं सोडवून ठेवली आहेत.

पुस्तकाच्या प्रती आल्या की पहिली बायजाला दे. तिला वाचता येत नाही, म्हणून विश्रामनं ती तिला वाचून दाखवावी, विहिरीवरच्या भांडणासकट. मला प्रत पाठवू नकोस. निदान या वर्षी नको. मला अजून चांगलं वाटणार नाही, आणि मी चांगलं वाटल्याचं पत्र लिहीन. ते तू ओळखशील.

आणखी एकच. उतरवताना एका ठिकाणी मी माझ्या बारा ओळी घातल्या. बांध फुटल्यानंतर तुळसा पाण्यात उभी असते आणि आभाळाकडे बघते, तिथं. तुझ्या वहीत ती आभाळाकडे बघत नव्हती. मला वाटलं, इतक्या पानांत माझ्या बारा ओळी खपून जातील. कुणाला कळणार? गोपीनाथरावांनी अख्ख्या प्रुफात लाल पेन्सिलीची एकच खूण केली आहे. पान एकशे चाळीस. समासात लिहिलं आहे, "हे कुणाचं आहे? काढावं."

त्या बारा ओळी काप आणि मला पाठव.

सुहास